यादी कोणाची, राखण कोणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये राहणाऱ्या माणसाला नोंदवहीचं महत्त्व वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमचं शहरच मुळी नोंदवह्यांच्या आधाराने उभं राहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची एक मोठी संक्रमण छावणी होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं या बराकींत उतरवली गेली. बघता बघता संख्या लाखाच्या घरात गेली. छावणीचे पाच भाग पडले आणि ‘कॅम्प’ हा शब्द आमच्या पत्त्याला कायमचा चिकटला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून वसाहतीचं नाव उल्हासनगर पडलं.

त्या काळात माणसाजवळ काय होतं? अंगावरचे कपडे, थोडी भांडी आणि कागद. नाव छावणीच्या वहीत असेल तर डोक्यावर छप्पर. सिंधमध्ये मागे राहिलेल्या घरादाराचा दावा लावायचा, तर तोही नोंदवून घ्यायला हवा. त्यासाठी १९५० साली दाव्यांचा कायदा झाला आणि १९५४ साली भरपाईचा. पुढे या बराकींची, त्याखालच्या जमिनीची सनद मिळवायला लोकांनी किती खेटे घातले, हे जुन्या मंडळींना विचारावं. आजही आमच्याकडे घराचा सौदा निघाला की पहिला प्रश्न येतो, “सनद आहे का?” सनद म्हणजे नुसता कागद असून भागत नाही. सरकारी दप्तरात तिची जोड नोंद सापडली, तरच तिला किंमत. हातातला कागद आणि दप्तरातली नोंद, या दोहोंचा मेळ बसला पाहिजे.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. आमच्या शहरावरचा ‘मेड इन यूएसए’ हा विनोद आपण सर्वांनी ऐकला असेल. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असं म्हणून लोक हसतात. गजानन मार्केटात, जपानी बाजारात घाऊक खरेदीला येणारे लोकही हा विनोद करतात आणि पिशव्या भरभरून माल घेऊन जातात. निर्वासितांनी शून्यातून उभ्या केलेल्या कारखानदारीवर हा थोडा अन्यायच आहे. पण विनोदात एक खरी गोष्ट दडलेली आहे. शिक्का कोणीही मारू शकतो. शिक्का खरा की खोटा हे वस्तूकडे बघून कळत नाही. ते कळतं दुसरीकडे ठेवलेल्या एका यादीवरून.

आयएसआय मार्काचंच उदाहरण घ्या. भारतीय मानक संस्था १९४७ साली स्थापन झाली. प्रमाणन चिन्हांचा कायदा आला १९५२ साली. १९८७ पासून ती संस्था भारतीय मानक ब्यूरो या नावाने काम करू लागली. इस्त्रीवर किंवा प्रेशर कुकरवर जो आयएसआयचा छाप असतो, त्याच्याबरोबर एक परवाना क्रमांक छापलेला असतो. पूर्वी तो क्रमांक कोणी वाचत नसे, कारण वाचून करायचं काय? यादी सरकारी कचेरीत. आज ब्यूरोच्या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा, चालू की संपलेला, हे समोर येतं. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी हॉलमार्क क्रमांक बंधनकारक झाला, तोही असाच तपासता येतो. म्हणजे शिक्क्याला बळ आलं ते यादी लोकांसाठी उघडी झाली तेव्हा.

आता आजच्या विषयाकडे येतो. विषय थोडा रुक्ष वाटेल, पण तो आपल्या सर्वांच्या औषधपाण्याशी जोडलेला आहे. डॉक्टरांच्या टेबलावर आता संगणक आला आहे. केसपेपर त्यावर निघतो, औषधं त्यावर लिहिली जातात, रक्ततपासणीचा अहवाल त्यावर येतो. कॅम्प ३ मधल्या मध्यवर्ती रुग्णालयात अंबरनाथ, बदलापूरपासून पार मुरबाडकडचे रुग्ण येतात. त्यांच्यापैकी कोणाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे, कोणाला मधुमेह आहे, ही माहिती डॉक्टर बदलला तरी पुढे गेली पाहिजे. हे काम जे सॉफ्टवेअर करतं, ते नीट करतं की नाही, हे कोणी तपासायचं? तपासून उत्तीर्ण झालेल्या सॉफ्टवेअरची यादी कोणी ठेवायची? आणि ती यादी रोजच्या रोज ताजी राखण्याचं कंत्राट कोणाला, कोणत्या अटींवर द्यायचं? हा तिसरा प्रश्न सर्वात दुर्लक्षित आहे आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

वैद्यकीतली सार्वजनिक यादी आपल्याला नवी नाही. मुंबई इलाख्यात १९१२ साली वैद्यकीय कायदा झाला आणि पात्र डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९६५ च्या कायद्याने ते काम महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आलं. दवाखान्याच्या भिंतीवरचा नोंदणी क्रमांक हा त्या वहीचा धागा. वही ठेवणं हे निबंधकाचं काम. डॉक्टर वारला, परदेशी गेला, दोषी ठरला, तर नोंद बदलायची. माणसांच्या यादीत बदल सावकाश होतात, म्हणून वही आणि शाई यांवर ते काम अनेक वर्षं निभावलं. सॉफ्टवेअरचं तसं नाही. ते वर्षातून चारदा बदलतं. जानेवारीत तपासलेला माल जूनमध्ये तोच असेल याची खात्री नाही. कंपनी दुसऱ्या कंपनीला विकली जाते, नाव बदलतं, जुनी आवृत्ती बंद होते. म्हणून सॉफ्टवेअरच्या यादीला सततची राखण लागते.

या बाबतीत सर्वात लांबचा आणि सर्वात शिकवणारा इतिहास अमेरिकेचा आहे. २००४ साली तिथे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशाने आरोग्य माहिती-तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय समन्वयकाचं कार्यालय निघालं. त्याच वर्षी या धंद्यातल्या तीन संघटनांनी मिळून एक प्रमाणन आयोग स्थापन केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीसीएचआयटी म्हणत. २००५ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने या आयोगाला तीन वर्षांचं, ७५ लाख डॉलरचं कंत्राट दिलं. काम असं, की डॉक्टरांच्या सॉफ्टवेअरसाठी कसोट्या ठरवा आणि तपासणीची पद्धत बसवा. २००६ मध्ये पहिली उत्पादनं उत्तीर्ण झाली. उत्तीर्णांची यादी आयोगच आपल्याकडे ठेवी आणि प्रसिद्ध करी.

इथे एक अडचण होती. कसोटी ठरवणारा तोच, परीक्षा घेणारा तोच आणि निकालाचं बाड सांभाळणाराही तोच. शिवाय त्याचा जन्म धंद्यातल्याच संघटनांच्या पोटी झालेला. टीका होऊ लागली. तोपर्यंत प्रश्न प्रतिष्ठेचा होता, २००९ नंतर तो पैशाचा झाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मंदीतून बाहेर पडण्यासाठी अमेरिकेने जो मोठा कायदा केला, त्यात डॉक्टरांनी आणि रुग्णालयांनी संगणकीय नोंदी वापराव्यात म्हणून घसघशीत अनुदान होतं. वृद्धांच्या मेडिकेअर योजनेतून एका डॉक्टरला काही वर्षांत मिळून ४४ हजार डॉलरपर्यंत, तर गरिबांच्या मेडिकेड योजनेतून ६३ हजार ७५० डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकत होती. अट एकच महत्त्वाची, की सॉफ्टवेअर प्रमाणित हवं.

साहजिकच यादीला तिजोरीच्या किल्लीचं रूप आलं. २०१० मध्ये सरकारने कामाची वाटणी केली. तपासणी आणि प्रमाणन करायला एकापेक्षा जास्त संस्था नेमल्या, त्यांत तो जुना आयोगही होता. पण यादी सरकारने स्वतःच्या नावावर घेतली. ती ‘सर्टिफाइड हेल्थ आयटी प्रॉडक्ट लिस्ट’ या नावाने सर्वांसाठी खुली झाली. डॉक्टरने यादीत जायचं, आपण वापरतो ते सॉफ्टवेअर निवडायचं, तिथून एक प्रमाणन क्रमांक घ्यायचा आणि तो अनुदानाच्या अर्जावर लिहायचा. यादीत नाव नसेल तर क्रमांक नाही आणि क्रमांक नाही तर पैसे नाहीत. २००८ मध्ये तिथल्या दहांतल्या एका रुग्णालयाकडेही धड संगणकीय नोंदी नव्हत्या. २०१५ पर्यंत जवळजवळ सर्व रुग्णालयांत प्रमाणित सॉफ्टवेअर आलं. इतका मोठा बदल या एका यादीच्या दारातून झाला.

यादी सरकारची, पण ती चालवायचं तांत्रिक काम सरकारी कारकुनांनी केलं नाही. ते कंत्राटावर खासगी कंपन्यांकडे गेलं. यात वावगं काही नाही. महापालिकेचा रस्ताही कंत्राटदारच बांधतो, पण रस्ता महापालिकेचाच असतो. पाहायचं ते हे, की कंत्राटदार बदलला तर रस्ता जागेवर राहतो की नाही. अमेरिकेच्या त्या यादीचा प्रोग्राम आज खुला ठेवलेला आहे, यादीतली माहिती कोणालाही उतरवून घेता येते. उद्या दुसरा कंत्राटदार आला तर त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

या वाटणीचा उपयोग पुढच्या चारच वर्षांत दिसला. २०१४ च्या सुरुवातीला त्या जुन्या आयोगाने प्रमाणनाचं काम थांबवलं आणि वर्षअखेरीस तो बंदच झाला. २०१० पूर्वीची व्यवस्था असती तर काय झालं असतं, कल्पना करा. यादीच आयोगाबरोबर गेली असती. प्रत्यक्षात यादी सरकारकडे होती, म्हणून नोंदी जागच्या जागी राहिल्या आणि कंपन्या दुसऱ्या तपासणी संस्थेकडे गेल्या. परीक्षा घेणारा गेला तरी निकालपत्र शिल्लक राहिलं.

पण यादी ताजी आणि उघडी असली म्हणजे ती खरी असतेच असं नाही. त्याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समधली ईक्लिनिकलवर्क्स ही या धंद्यातली एक बडी कंपनी. तिच्या सॉफ्टवेअरला प्रमाणपत्र मिळालेलं होतं. कसोटीत एक अट अशी होती, की डॉक्टरने औषध लिहिलं की त्याचा ठरलेला प्रमाण संकेतांक सॉफ्टवेअरने औषधांच्या पूर्ण कोशातून उचलून दिला पाहिजे. मे २०१७ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने जाहीर केलं, की या कंपनीने परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या १६ औषधांचे संकेतांक तेवढे आपल्या प्रोग्राममध्ये आधीच लिहून ठेवल्याचा आरोप आहे. आपल्याकडे विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंचातली सोळा उत्तरं घोकतो आणि उत्तीर्ण होतो, तशातलाच हा प्रकार. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण १५ कोटी ५० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

हे उघडकीला कसं आलं? यादी राखणाऱ्यांनी शोधलं नाही, तपासणी संस्थेनेही नाही. न्यू यॉर्क शहराच्या सेवेत असताना तुरुंगातल्या दवाखान्यासाठी हे सॉफ्टवेअर बसवण्याचं काम केलेल्या एका तंत्रज्ञाच्या ते लक्षात आलं. रोज वापरणाऱ्याला दोष दिसतो. मग त्याने तो कुठे सांगायचा? यादीवर तक्रारीची जागा हवी आणि तक्रार आल्यावर कोणीतरी बाहेर जाऊन, प्रत्यक्ष दवाखान्यात बसून तपासायला हवं. २०१५ च्या नियमांनी तिथे तशी तपासणी अधिक काटेकोर केली. सॉफ्टवेअरच्या वापरातल्या मर्यादा आणि वरचे छुपे खर्चही कंपनीने उघड करावेत, अशी अट घातली. त्याआधी २०१३ मध्ये दोन उत्पादनांची प्रमाणपत्रं पहिल्यांदाच काढून घेण्यात आली होती. नाव खोडण्याचा अधिकार आणि खोडल्याची उघड नोंद, या दोन गोष्टी नसतील तर यादीत नावं फक्त वाढत जातात.

आता आपल्या घरी येऊ. भारतात आरोग्य मंत्रालयाने संगणकीय आरोग्य नोंदींची मानकं पहिल्यांदा २०१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१६ मध्ये सुधारली. २०१४ साली भारत ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दकोशाचा सदस्य झाला. म्हणजे मधुमेहाला केरळच्या डॉक्टरने काय लिहिलं आणि कल्याणच्या डॉक्टरने काय लिहिलं, हे संगणकाला एकच वाटावं, यासाठीचा कोश. या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे, हे मराठी माणसांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. पण ही मानकं मार्गदर्शक होती. पाळली की नाही हे तपासून कोणी यादी लावत नव्हतं.

यादी आली ती आयुष्मान भारत डिजिटल मिशनबरोबर. १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा आणि केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग, २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर. चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आता पुष्कळांच्या मोबाइलमध्ये असेल. रुग्णालयाच्या खिडकीवर क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपर काढण्याची सोयही याच मिशनची. ज्या सॉफ्टवेअरला या जाळ्यात यायचं आहे, त्याला आधी प्रयोगाच्या आवारात चाचण्या द्याव्या लागतात. त्याचे तीन टप्पे आहेत. पहिला आभा क्रमांक काढण्याचा आणि पडताळण्याचा, दुसरा रुग्णाची नोंद त्याला जोडून देण्याचा आणि तिसरा रुग्णाच्या संमतीने दुसरीकडची नोंद मागवण्याचा. सुरक्षेची तपासणी सरकारमान्य तपासनिसाकडून करून घ्यावी लागते. मग त्या सॉफ्टवेअरचं नाव राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या यादीत येतं. १ जानेवारी २०२३ पासून अशा जोडलेल्या नोंदींसाठी रुग्णालयांना आणि सॉफ्टवेअर कंपन्यांनाही प्रोत्साहनाची रक्कम देण्याची योजना सुरू झाली. अमेरिकेत २००९ नंतर झालं तेच इथेही घडलं. यादीला पैशाची जोड मिळाली.

एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. आपली ही यादी सांगते, की अमुक सॉफ्टवेअर जाळ्याला जोडलेलं आहे आणि त्याने अमुक टप्पे पार केले आहेत. औषधांची चुकीची जोडी लिहिली तर ते सॉफ्टवेअर डॉक्टरला सावध करील का, पडद्यावर रुग्णांची अदलाबदल होणार नाही ना, याची ती परीक्षा नाही. रोगनिदान करणारं सॉफ्टवेअर वेगळ्या कायद्याखाली, वैद्यकीय उपकरण म्हणून येतं. १ एप्रिल २०२० पासून ते औषध नियंत्रकांच्या कक्षेत आहे. पण रोजच्या केसपेपरचं सॉफ्टवेअर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभं असतं. गॅसची जोडणी मिळाली म्हणजे शेगडी चांगली आहे असं होत नाही, तसंच हे.

आणि महाराष्ट्राचा अनुभव तर कंत्राटाच्या बाबतीत फारच बोलका आहे. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने २००० च्या दशकाच्या अखेरीस आपली महाविद्यालयं आणि त्यांना जोडलेली रुग्णालयं संगणकाने जोडायचं काम ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीला दिलं. जे. जे. रुग्णालयासारख्या मोठ्या ठिकाणी केसपेपर, तपासण्या, दाखल रुग्ण, सारं त्यावर चालू झालं. डॉक्टरांना, परिचारिकांना त्याची सवय झाली. रुग्णांचा जुना इतिहास एका क्रमांकावर दिसू लागला. आणि जुलै २०२२ मध्ये, कंत्राटावरून वाद होऊन, ही सेवा बंद पडली. एका दिवसात रुग्णालयं कागदावर आली. हाताने केसपेपर, हाताने अहवाल, खिडक्यांवर रांगा. पुढे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-हॉस्पिटल ही प्रणाली तिथे आणली गेली.

या प्रकरणात कोणाची बाजू खरी, यावर मला निवाडा द्यायचा नाही. पण यातून एक गोष्ट कोणालाही कळेल. तंत्र चालत होतं, सवय झाली होती, लोकांना उपयोग होत होता. तरी ते एका करारपत्राच्या मुदतीवर आणि अटींवर टांगलेलं होतं. करार थांबला की रुग्णाचा पाच-सात वर्षांचा इतिहास डॉक्टरच्या डोळ्यांसमोरून जातो. किडनीच्या विकाराचा एखादा रुग्ण दर तीन महिन्यांनी येतो, त्याचं क्रिएटिनिन चढतं की उतरतं हे मागचे आकडे असल्याशिवाय सांगता येत नाही. ज्याच्याकडे कागदांची पिशवी आहे तो निभावतो. ज्याने ‘सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणून पिशवी टाकून दिली, त्याने काय करावं?

हे असं का होतं? आपल्याकडे नवी गोष्ट उभारायला पैसा मिळतो, राखायला मिळत नाही. पुलाचं उद्घाटन होतं, पुलाच्या रंगरंगोटीचं कोणी उद्घाटन करीत नाही. घरातल्या एसीची किंवा इमारतीच्या लिफ्टची वार्षिक देखभाल, ज्याला आपण एएमसी म्हणतो, ती सोसायटीच्या सभेत दरवर्षी वादाचा विषय होते. सरकारातही तेच. त्यातून निविदा ‘एल-वन’ला, म्हणजे सर्वात कमी बोलीवाल्याला द्यायची परंपरा. सरकारी खरेदीचं जुनं खातं २०१७ मध्ये बंद झालं आणि खरेदी ‘जेम’ या सरकारी ऑनलाइन बाजारावर आली, त्याच वर्षी वित्तीय नियमही नव्याने लिहिले गेले. दर्जा आणि किंमत दोन्ही तोलून निवड करण्याची सोय नियमांत आहे. पण खुर्च्या आणि पंखे जसे विकत घेता येतात, तशी यादीची राखण विकत घेता येत नाही. खुर्ची एकदा मोजून घेतली की झालं. राखणीचं काम नीट झालं की नाही हे दोन वर्षांनी, चूक निघाल्यावर समजतं.

मतदार यादीचं उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे. मेलेल्यांची नावं असतात, घर बदललेल्यांची दोन ठिकाणी असतात, नव्या सुनेचं कुठेच नसतं. यादी छापणं स्वस्त, दुरुस्त करणं महाग. घरोघर माणूस जावा लागतो. सॉफ्टवेअरच्या यादीतही असाच माणूस लागतो. कंपनीने नवी आवृत्ती काढली, ती पुन्हा तपासली का? कंपनीचं नाव बदललं, जुन्या नावाखालचं प्रमाणपत्र चालेल का? तक्रार आली, तिचं काय झालं? प्रमाणपत्र काढून घेतलं, तर ते वापरणाऱ्या दवाखान्यांना कोणी कळवलं? यांतलं एकही काम संगणक आपोआप करीत नाही. कंत्राटात ही कामं एकेक करून लिहिलेली नसतील, तर कमी बोलीचा कंत्राटदार ती करणारही नाही आणि त्याला दोषही देता येणार नाही.

मग कंत्राटात काय असावं? या सगळ्या इतिहासातून मला चार अटी दिसतात. पहिली, यादी आणि तिच्यातली प्रत्येक नोंद सरकारच्या मालकीची, कंत्राटदार फक्त राखणदार. दुसरी, निघून जाण्याची अट आत येतानाच लिहिलेली हवी. मुदत संपल्यावर किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात सर्व माहिती परत द्यायची आणि देयकाचा वाद असला तरी ती अडवून धरायची नाही. तिसरी, तपासणारा, यादी राखणारा आणि माल विकणारा हे तिघे वेगळे असावेत आणि एकमेकांच्या खिशात नसावेत. चौथी, खोडलेली नावं यादीतून गायब न करता कारणासह आणि तारखेसह दिसत राहावीत. सनदेच्या दप्तरात खाडाखोड करणाऱ्याने सही करावी लागते, तसंच.

हे काम फक्त दिल्ली-मुंबईत बसलेल्यांचं आहे असं समजू नये. आज नगरपालिका आणि महापालिकाही आपल्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर घेतात. निविदा संकेतस्थळावर असतात, माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. नगरसेवकाला आपण गटाराबद्दल विचारतो, नळाबद्दल विचारतो. दवाखान्याच्या संगणकाबद्दलही विचारायला हरकत नाही. करार किती वर्षांचा, देखभालीला वेगळी रक्कम ठेवली आहे का, करार संपल्यावर आमच्या नोंदी कोणाकडे राहतील? उत्तर देणारा अधिकारी करारपत्र उघडून बघेल, एवढं झालं तरी पुष्कळ.

खासगी दवाखान्यातही डॉक्टरांना सहज विचारता येईल, “डॉक्टरसाहेब, तुमचं सॉफ्टवेअर आभाच्या यादीत आहे का? माझी माहिती मला मिळेल का?” बहुतेक डॉक्टर याचा राग मानणार नाहीत. त्यांची स्वतःची अडचणही हीच असते. पाच वर्षं एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं आणि कंपनीने शुल्क दुप्पट केलं, तर रुग्णांची माहिती घेऊन बाहेर कसं पडायचं, हे त्यांनाही कोणी सांगितलेलं नसतं. डॉक्टर आणि रुग्ण दोघे या बाबतीत एकाच बाजूला आहेत.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत आपली फाईल जपा. तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत तारखेने लावून ठेवा, मोबाइलवर त्यांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कोणाकडेही ठेवा. आमच्या कॅम्पातल्या जुन्या घरांत अशी एक कागदांची पेटी असतेच. दाव्याची पावती, सनद, रेशन कार्ड, सगळं त्यात. ज्या पिढीने एकदा सारं मागे सोडलं, ती कागद कधीच एका ठिकाणी आणि दुसऱ्याच्या भरवशावर ठेवत नाही. सरकारी यादी भक्कम होईपर्यंत त्या पेटीत वैद्यकीय फाईलही असू द्या.